उचल घ्यावी, पण फेडावी

गेल्या हिवाळ्यात एका शालेय विज्ञानकथा स्पर्धेच्या परीक्षणाला बसलो होतो. तालुक्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींच्या 62 कथा, रेघी फुलस्केपवर लिहिलेल्या, कोपऱ्यात टाचणी लावलेल्या. परीक्षक आम्ही तिघं. नियमपत्रिकेतला पहिलाच नियम होता: ‘कथेतील विज्ञान आजच्या ज्ञानानुसार शक्य असावे.’ दुपारी चारपर्यंत तो सगळा ढीग दोन कथांवर आला. एक होती दहावीतल्या मुलाची, मंगळमोहिमेची. मंगळावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 38 टक्के, संदेश पोचायला 3 ते 22 मिनिटं, सगळे आकडे अचूक. शेवटी परतीचं इंधन कमी पडतं. कॅप्टन डोळे मिटतो, देशाचं स्मरण करतो, आणि ‘त्याच्या जिद्दीपुढे अंतरही हरलं’. यान सुखरूप उतरतं.

दुसरी कथा नववीतल्या मुलीची. एका गावात घरांच्या मातीच्या भिंती बोललेलं धरून ठेवतात. कान लावला की वर्षांपूर्वीचं बोलणं ऐकू येतं. एवढं एक गृहीत धरून ती पुढे गेली होती. भांडणं घरात न होता शेताच्या बांधावर होऊ लागतात. सून माहेरच्या फोनवर बोलायला अंगणात जाते. जुनी घरं विकत घेणारे आधी भिंतीला कान लावून बघतात. जमिनीच्या वादात तलाठ्यापुढे भिंतीचा तुकडा पुरावा म्हणून आणला जातो. सिमेंटच्या भिंतीत आवाज टिकत नाही, म्हणून ज्यांच्याकडे लपवायला बरंच काही आहे ते आधी सिमेंटचं घर बांधतात.

मंगळाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि भिंतीची कथा बाद झाली. “ध्वनी असा टिकत नाही हो,” असं सहपरीक्षक म्हणाले. भौतिकशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली, आणि ते मनापासून बोलत होते. “भिंती बोलायला लागल्या की ती परीकथा झाली.” दोनास एक असा निकाल लागला. मला तो चूक वाटला होता, आजही वाटतो. कारण त्या दोन कथांपैकी विज्ञानाशी प्रतारणा केली होती ती मंगळाच्या कथेने.

एखादा नवा अंतराळपट आला किंवा पुराणातल्या अस्त्रांना यंत्रांचं रूप देणारा एखादा भव्य सिनेमा आला की हाच वाद पुन्हा पेटतो. एक बाजू भिंग घेऊन बसते: निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा आला, प्रकाशापेक्षा जास्त वेग कसा गाठला, म्हणून हे विज्ञान नाहीच. दुसरी बाजू म्हणते, अहो कल्पना आहे, तिला कसलं लॉजिक विचारता. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: हे शक्य आहे की अशक्य? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. विज्ञानकथेने अशक्य गोष्ट गृहीत धरायला काहीच हरकत नाही. ती उचल आहे. खरी कसोटी फेडीची आहे: घेतलेल्या उचलीचे परिणाम लेखक शेवटपर्यंत मोजतो का, आणि ते कथेतल्या प्रत्येकावर सारखे पडतात का? चमत्कार माणूस बघून होतो. निसर्गाचा नियम माणूस बघत नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्यातली सीमारेषा इथे आहे, भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नाही.

अद्भुतकथेला मी खालची मानत नाही, हे आधीच सांगतो. अहल्येची शिळा रामाच्याच पायाने उद्धरते. दुसऱ्या कुणा वाटसरूचा पाय लागून चालत नाही. ज्ञानेश्वरांची भिंत ज्ञानेश्वरांसाठी चालते. त्या कथांचं जगच असं आहे की ते माणसाला ओळखतं, त्याची पात्रता जोखतं, शाप आणि उःशाप देतं. त्या कथांचा अर्थच त्या ओळखण्यात आहे. पण त्या नववीतल्या मुलीची भिंत कुणालाच ओळखत नाही. सरपंचाचं बोलणं ती जितकं साठवते तितकंच मोलकरणीचं. सज्जनाचं गुपित ती झाकत नाही आणि खोटारड्याचं मुद्दाम उघड करत नाही. याउलट मंगळावरच्या त्या यानाला कॅप्टनची देशभक्ती कळली. आकडे सगळे बरोबर होते, आणि ज्या क्षणी त्या आकड्यांना अर्थ यायचा त्या क्षणी लेखकाने ते सोडून दिले. इंधनाला कॅप्टन कोण आहे ते कळलं, म्हणजे ती कथा चमत्काराची झाली. फक्त तिने पोशाख अंतराळवीराचा घातला होता.

इतिहासात थोडं मागे जाऊ. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या योहानेस केप्लरने ‘सोम्नियम’ म्हणजे ‘स्वप्न’ नावाची चंद्रप्रवासाची कथा लिहिली. तिचा मूळ खर्डा 1608 च्या सुमाराचा. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, 1634 मध्ये. माणसाला चंद्रावर न्यायचं कसं? केप्लरजवळ अग्निबाण नव्हता. त्याने सरळ एक दैत्ययोनी आणली, जी ग्रहणाच्या वेळी सावलीच्या वाटेने माणसाला उचलून नेते. आजच्या कुठल्याही स्पर्धेत ही कथा पहिल्याच फेरीत बाद होईल. पण पुढचं वाचा. सुरुवातीचा धक्का इतका जबर असेल की प्रवाशाला आधी गुंगीचं औषध द्यावं लागेल, वाटेत हवा नसेल म्हणून नाकाशी ओले स्पंज धरावे लागतील, असं तो लिहितो. चंद्रावर पोचल्यावर दिवस आपल्या पंधरवड्याएवढा, रात्रही तेवढीच. चंद्राच्या एका बाजूवरून पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी लटकलेली दिसते आणि तिच्याही कला होतात, दुसऱ्या बाजूला ती कधी दिसतच नाही. दुसऱ्या गोलावर उभं राहून आपल्या पृथ्वीकडे बघायला त्याने वाचकाला शिकवलं, तेही अशा काळात जेव्हा पृथ्वी फिरते हे म्हणणं धोक्याचं होतं. दैत्य ही उचल होती. तिची फेड 223 तळटिपांसकट, पै न् पै चुकती केलेली आहे.

शक्याशक्यतेचा हा वाद विज्ञानकथेच्या दोन थोर पूर्वजांमध्येही झाला होता. एच. जी. वेल्सने 1901 मधल्या कादंबरीत माणसं चंद्रावर नेली ती ‘कॅव्होराइट’ नावाच्या, गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. ज्यूल व्हर्न त्यावर नाराज झाला. 1903 च्या एका मुलाखतीत त्याचं म्हणणं असं होतं की मी भौतिकशास्त्र वापरतो, माझी माणसं तोफेच्या गोळ्यातून जातात. हे गृहस्थ मात्र एक धातूच शोधून काढतात, तर दाखवावा तो धातू मला. आजही शुद्धतावादी मंडळी व्हर्नच्या बाजूने हेच बोलतात.

मग व्हर्नची तोफच घेऊ. 1865 च्या त्याच्या कादंबरीत फ्लोरिडात जमिनीत उभी ओतलेली 900 फूट लांबीची तोफ आहे, आणि गोळा सुटतो सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेगाने. वेग बरोबर आहे, पृथ्वीचं ओढणं सोडायला साधारण तेवढाच लागतो. पण शून्यापासून तो वेग 900 फुटांत, म्हणजे सुमारे 274 मीटरमध्ये गाठायचा, तर त्वरण किती होतं? वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. अकरावीच्या मुलालाही जमेल असं हे गणित. उत्तर येतं गुरुत्वाच्या जवळपास 22 हजार पट. साठ किलोच्या माणसाला त्या क्षणी आपलं वजन 1,300 टनांहून जास्त भासेल. व्हर्नने धक्का सोसायला तळाशी पाण्याचा थर दिला होता आणि तो प्रयत्न प्रामाणिक होता, पण त्या थराने काहीही वाचणार नव्हतं. तोफ सुटताक्षणी तिन्ही प्रवासी संपले असते.

आता वेल्सकडे या. त्याचा पदार्थ अशक्यच आहे, तो ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच नियम मोडतो, हे मी मान्य करतो. पण कॅव्होराइटचा पहिला पत्रा तयार झाल्यावर त्या कादंबरीत काय होतं? पत्र्याच्या वरच्या हवेचं वजन नाहीसं होतं. बाजूची हवा दाबाने आत घुसते आणि कारंज्यासारखी वर उसळते. वादळ उठतं, आजूबाजूच्या घरांची धुराडी आणि छपरं उडतात. शास्त्रज्ञ हिशेब करून सांगतो की पत्रा स्वतःच उडून गेला नसता, तर पृथ्वीची सगळी हवा त्या भोकातून निघून गेली असती. यान वळवायचं कसं, याचंही उत्तर त्या पदार्थाच्या गुणातूनच येतं: खिडक्यांवरचे पडदे उघडायचे नि मिटायचे. गुरुत्वाकर्षण अडवणारी वस्तू असती तर आणखी काय काय झालं असतं, हा प्रश्न वेल्सने स्वतःलाच विचारला. माझ्या लेखी त्या दोन चंद्रप्रवासांपैकी जास्त वैज्ञानिक कथा वेल्सची आहे. व्हर्न लहान लेखक होता असं मी म्हणत नाही, पण त्याने ज्या मोजपट्टीने वेल्सला मोजलं ती तोकडी होती.

वेल्सचाच अदृश्य माणूस (1897) बघा. आपल्याकडच्या गोष्टींतली गायब करणारी टोपी घातली की कपड्यांसकट सगळं नाहीसं होतं, थंडी वाजत नाही, भूक लागत नाही. वेल्सच्या माणसाला ही सवलत नाही. शरीर अदृश्य झालं, कपडे झाले नाहीत, म्हणून लंडनच्या कडाक्याच्या थंडीत त्याला उघडं फिरावं लागतं. त्याला सर्दी होते, आणि शिंक लपत नाही. बर्फ अंगावर बसला तर आकृती उमटणार. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसणार. कुत्र्यांना वास येतोच. ज्या शक्तीच्या जोरावर तो जगावर राज्य करायला निघाला, त्या शक्तीनेच त्याला रस्त्यावरच्या भिकाऱ्यापेक्षा दीन केलं. ज्याच्या शरीरातून प्रकाश आरपार जातो त्याला दिसेल कसं, हा आक्षेपही जुना आणि बरोबर आहे. पण तो आक्षेप सुचतोच कशामुळे? ‘मग काय होईल?’ हे विचारायला वेल्सनेच आपल्याला शिकवलं म्हणून.

वेल्सने पुढे आपल्या लेखनाबद्दल म्हटलंय की जिथे काहीही घडू शकतं तिथे काहीच रंजक उरत नाही. ‘कल्पनेला कुंपण नको’ म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे आणि त्यांच्यासाठी मी फार शब्द खर्चणार नाही. बुद्धिबळात घोडा मनाला येईल तसा चालू लागला तर खेळ मुक्त होत नाही, तो खेळच राहत नाही. उलट नुसती शास्त्रीय संज्ञा चिकटवूनही काही साधत नाही. ‘स्टार वॉर्स’च्या 1977 च्या सिनेमात ‘फोर्स’ ही एक गूढ शक्ती होती आणि प्रेक्षकांना ती तशीच आवडली. 1999 च्या भागात ती रक्तातल्या ‘मिडिक्लोरियन’ नावाच्या सूक्ष्मजीवांशी जोडली, म्हणजे जणू रक्त तपासून साधकाची योग्यता सांगता येईल. चाहत्यांना ते रुचलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. गूढ गेलं, विज्ञान मात्र आलं नाही. शब्द बदलला तरी ती शक्ती निवडलेल्यांनाच ओळखत राहिली.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो साहित्याचा नाही, समाजाचा आहे, आणि माझे सहपरीक्षक त्याच पोटतिडकीने बोलत होते. ते म्हणाले, “तुम्ही युरोपातल्या गोष्टी सांगता. आपल्याकडे ‘विज्ञान’ हा शिक्का लावून काय काय विकलं जातं ते बघा. अशा ठिकाणी तरी रेषा पक्की हवी.” यातला एकही शब्द खोटा नाही. 2015 च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला. त्याचा आधार ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा होता, आणि त्या ग्रंथाची बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी 1974 मध्येच नीट तपासणी केली होती. ग्रंथ 1904 च्या मागे जात नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही चाळीस वर्षांनी तो विज्ञानाच्या व्यासपीठावर आला. याच महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. अशा जागी उभं राहून कुणी म्हणत असेल की कल्पना आणि विज्ञान यांची सरमिसळ आम्हाला परवडत नाही, तर त्याला पोथीनिष्ठ म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. केप्लरलाही ही सरमिसळ महागात पडली. त्याच्या कथेतल्या नायकाची आई दैत्यांशी बोलणारी होती. खऱ्या आयुष्यात त्याच्या आईवर चेटूक केल्याचा आरोप आला, चौदा महिने तिला कैदेत काढावे लागले, आणि मुलाला आपलं काम बाजूला ठेवून तिचा खटला लढवावा लागला. आपल्या हस्तलिखिताने त्या संशयाला खतपाणी मिळालं, असं त्यालाच वाटत होतं.

धोका खरा आहे, पण त्यावर औषध कोणतं? ‘आज शक्य तेवढंच लिहा’ या नियमाने प्राचीन विमानांचा दावा अडत नाही. विमान तर आज शक्यच आहे! दावा करणारा उलट हेच म्हणतो: बघा, जे आज शक्य झालं ते आमच्याकडे आधीच होतं. त्याला अडवतो तो दुसराच प्रश्न, फेडीचा प्रश्न. विमानं होती, तर त्यांना लागणाऱ्या धातूंच्या खाणी कुठे होत्या? भट्ट्या कुठे होत्या? इंधन कोण काढत होतं, कोणत्या रस्त्याने नेत होतं? दुरुस्तीच्या कार्यशाळा, त्यात घडणारे शिकाऊ कारागीर, कोसळलेल्या एखाद्या विमानाचा सांगाडा, एखादा झिजलेला सुटा भाग? विमान एकटं कधी येत नाही, ते अख्खा कारखानदारी समाज सोबत घेऊन येतं. एकट्याने अवतरतो तो चमत्कार. ज्या मुलीला भिंतीत आवाज साठतो म्हटल्यावर तलाठी, सून आणि घरांच्या किमती सुचल्या, तिला पुढे कुणी प्राचीन विमान दाखवलं तर ती पहिल्या मिनिटात हे प्रश्न विचारेल. मंगळाचे आकडे पाठ असलेल्या आणि जिद्दीने यान उतरवणाऱ्या मुलाला ते सुचतील याची मला खात्री नाही. फसवलं जाण्याची भीती आहे ना, मग परिणाम मोजायची सवय लावा. बोलक्या भिंतीच्या कथेत ती सवय आहे.

आणि हे नुसतं माझं तर्कट नाही. मराठी विज्ञानकथेला ज्यांनी प्रतिष्ठा दिली त्या जयंत नारळीकरांकडे बघा. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं त्यासाठी उलटी फिरवली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. विज्ञानाच्या शिस्तीबद्दल ते किती काटेकोर होते हे वेगळं सांगायला नको. पण त्यांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघाताने अशा जगात पोचतात जिथे 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिळाएवढ्या अंतराने हुकली आणि मराठे जिंकले. एक माणूस सदेह दुसऱ्या इतिहासात जाऊन यावा, हे आजच्या कोणत्या ज्ञानानुसार शक्य आहे? पुंजभौतिकीच्या अनेकविश्व कल्पनेत त्या जगांमध्ये अशी ये-जा नसते. शालेय स्पर्धेचा तो नियम लावला तर नारळीकरच बाद होतात.

तरीही ती अस्सल विज्ञानकथा आहे, कारण एका गोळीची फेड ते शेवटपर्यंत करत जातात. पंत मुंबईत उतरतात तर ईस्ट इंडिया कंपनी अजून तिथे नांदते आहे. ते तडक ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तकं काढतात, इतिहासकार तेच करेल. आझाद मैदानावर व्याख्यान चालू असतं, अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते, आणि सवयीने पंत जाऊन तिच्यात बसतात. श्रोते खवळतात, कारण त्या जगातून अध्यक्षाची प्रथा कधीच गेलेली आहे. पानिपतचा निकाल बदलला तर सभेतल्या खुर्चीचाही अर्थ बदलेल, इथपर्यंत हिशेब नेणं हे शास्त्रज्ञाचं मन आहे. आणि त्या जगात पंतांना त्यांची विद्वत्ता वाचवत नाही.

याच नारळीकरांनी दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या तपासून कोणती कुणाची ते सांगितलं, आणि बरोबर उत्तरं निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. समांतर इतिहास लिहिणारा हात आणि ही चाचणी आखणारा हात एकच होता. कल्पनेची उचल घेतल्याने त्याची बुद्धी सैल झाली का?

‘आजच्या ज्ञानानुसार’ या शब्दांशी माझं आणखी एक भांडण आहे. बुध सूर्याला सतत एकच बाजू दाखवतो, असं खगोलशास्त्र पाऊणशे वर्षं मानत होतं. त्यावर कित्येक कथा उभ्या राहिल्या: एका बाजूला वितळणारं शिसं, दुसऱ्या बाजूला अनंत रात्र, मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात माणसांची वस्ती. लॅरी निवेनची पहिली कथा 1964 च्या अखेरीस छापून आली ती बुधाच्या त्या थिजलेल्या अंधाऱ्या बाजूबद्दल होती. 1965 मध्ये अरेसिबो वेधशाळेच्या रडारने दाखवलं की बुध 59 दिवसांत स्वतःभोवती फिरतो. मग ती कथा डिसेंबरात विज्ञानकथा होती आणि पुढच्या वर्षी परीकथा झाली? संशोधनपत्रिकेच्या अंकागणिक कथेची जात बदलत असेल, तर त्या वर्गवारीचा वाचकाला काय उपयोग? लेखकाने आपल्या काळाचं ज्ञान प्रामाणिकपणे कमवावं ही अपेक्षा रास्त आहे, आणि आळसाने केलेल्या चुकांना मी कल्पनाशक्ती म्हणणार नाही. पण चूक ठरलेला हिशेब आणि मांडलाच नाही तो हिशेब, यांत फरक आहे.

मंगळावर अडकलेल्या माणसाची अँडी वियरची कादंबरी ‘द मार्शियन’ कठोर विज्ञानकथेचा नमुना म्हणून दाखवली जाते, आणि ती सुरू होते एका अशक्य वादळाने. मंगळाची हवा पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट आहे, तिथला ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा वाराही अंगाला झुळुकीसारखाच लागेल, त्याने यान कलंडणार नाही. हे लेखकाला माहीत होतं आणि त्याने ते उघड मान्यही केलंय. त्या एका उचलीनंतर मात्र तगण्यासाठी पिकवलेल्या बटाट्यांचे उष्मांक एकेक करून मोजले जातात.

परिणाम मोजायचे म्हणजे फक्त भौतिकशास्त्राचे, असं मात्र मी म्हणत नाही. इथे मला शुद्धतावाद्यांची सगळ्यात आवडती कथा आठवते: टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’, 1954 ची. दूरच्या ग्रहावर आजारी पडलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक छोटं यान निघालंय. इंधन मोजून भरलेलं. भावाला भेटायच्या ओढीने एक अठरा वर्षांची मुलगी त्यात लपून बसते. तिच्या वजनासकट यान उतरू शकत नाही, म्हणून तिला बाहेर सोडावं लागतं. तिची निरागसता, वैमानिकाची तडफड, यातलं काहीही समीकरणात येत नाही. निसर्ग माणूस बघत नाही, ही माझीच कसोटी या कथेत तिच्या टोकाला गेली आहे, आणि पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रात्रभर अस्वस्थ होतो.

पण पुन्हा वाचताना दुसराच प्रश्न समोर येतो, आणि अनेक समीक्षकांनी तो विचारलाय. इंधन इतकं मोजून भरायचं, राखीव थेंबही ठेवायचा नाही, हे कुणी ठरवलं? लपून शिरणाऱ्याला मृत्युदंड आहे, मग यानाच्या दाराला नुसती पाटी का, कुलूप का नाही? निघण्याआधी कपाट उघडून कुणी बघितलं का नाही? ही समीकरणं निसर्गाची नाहीत, कुठल्यातरी कचेरीत बसून कुणीतरी काटकसर केली आहे. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या लेखकाने माणसांच्या निर्णयांचा हिशेब झाकून ठेवला, आणि तो झाकायला भौतिकशास्त्राचं पांघरूण वापरलं. धरण फुटतं किंवा पूल कोसळतो तेव्हा ‘निसर्गापुढे इलाज नव्हता’ हे वाक्य आपण कितीदा ऐकतो! फक्त सूत्रं तपासणाऱ्या परीक्षकाला यात काहीच वावगं दिसणार नाही. परिणामांची साखळी शेवटच्या कडीपर्यंत ओढणारा वाचकच विचारेल की कुलूप का नव्हतं.

त्या भिंतीच्या कथेकडे परत येतो. सहपरीक्षकांना मी तेव्हा सांगू शकलो नाही, कारण घरी येऊन शोधल्यावर सापडलं, की ही कल्पना चार्ल्स बॅबेजलाही सुचली होती. ज्याच्या यंत्रांत आजच्या संगणकाचं मूळ आहे तोच बॅबेज. 1837 मध्ये त्याने लिहिलं की हवा हे एक अफाट ग्रंथालय आहे आणि माणसाने उच्चारलेलं सारं तिच्या पानांवर कायमचं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात आवाजाची ऊर्जा उष्णतेत विरून जाते आणि ते पुन्हा वाचता येत नाही, इतपत मलाही कळतं. त्या मुलीलाही कळत असावं, कारण तिने स्वतःहून एक नियम घातला होता, जो बाद करण्याच्या घाईत आमच्यापैकी दोघांनी वाचलाच नाही. दुसऱ्या पानावर, खाली, समासाजवळ तिने लिहिलं होतं: ‘भिंतीतला आवाज एकदाच ऐकता येतो. ऐकला की तो तिथून संपतो, कारण आवाज ही ऊर्जा आहे आणि ती कानात खर्च होते.’

स्पर्धेच्या संयोजकांना मी पत्र लिहून तो पहिला नियम काढायला सांगितलंय. त्याच्या जागी ‘कथेत जे गृहीत धरले असेल त्याचे परिणाम कथेत दिसावेत’ एवढंच घालावं, अशी विनंती केली आहे. पत्रासोबत त्या कथेचं शेवटचं पान जोडलंय. रस्ता रुंदीकरणात घर पाडायला माणसं येणार असतात. आदल्या रात्री घरातले सगळे आपापल्या भिंतीला कान लावून बसतात. आजी मात्र माजघराच्या भिंतीशी नुसती पाठ टेकून बसते. आजोबा त्याच भिंतीशी बसून बोलायचे, आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झालेली आहेत. नात म्हणते, आजी, ऐकून घे ना, उद्या भिंत राहणार नाही. आजी म्हणते, आत आहेत तोवर आहेत गं. सकाळी जेसीबीचा आवाज येतो तेव्हाही तिने कान लावलेला नसतो.